तहसीन कप्तानाची जागा

तुर्कस्तानातल्या बोद्रुमच्या धक्क्यावर नाझमी दिसायच्या आधी त्याची काठी ऐकू यायची. एके काळी पंचवीस वाव, म्हणजे दीडशे फूट, खाली उतरून समुद्रतळावरचा स्पंज जाळीभर आणणारा हा पाणबुड्या. आता घरापासून चहाच्या दुकानापर्यंत यायला त्याला अर्धा तास लागे. नऊ वर्षं त्यानं एकाच माणसावर डूख धरला होता आणि ते तो लपवतही नसे.

तो माणूस म्हणजे तहसीन कप्तान. इतरांच्या होड्या रिकाम्या परतल्या तरी ह्याची भरून येई, कारण ह्याला एक जागा माहीत होती. तिथे तळाशी कुठल्याशा जुन्या गलबताचे शेकडो रांजण पडलेले होते आणि त्यांच्यावर स्पंज नुसता माजला होता. किनाऱ्यावरच्या कोणत्या खुणा एका रेषेत आल्या की नांगर टाकायचा, हे एकट्या कप्तानाला ठाऊक. जागा जवळ आली की तो किनाऱ्याच्या बाजूला ताडपत्री ओढून घेई आणि ती उचलून पाहणाऱ्याला परत होडीवर घेत नसे. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. सगळेच कप्तान असं करत.

त्याच जागेवर त्यानं नाझमीला एका दिवसात चौथ्यांदा खाली पाठवलं. तीनच्या वर कुणी जात नाही. नाझमी वर आला आणि खोलातली हवा रक्तात अडकून कमरेखाली लुळा पडला. अशा वेळी काय करायचं ते बोद्रुमच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. माणसाला हवेची नळी देऊन लगेच परत खाली सोडायचं आणि अगदी हळूहळू वर घ्यायचं. पण होडीवर नळी एकच, ती दुसऱ्या पाणबुड्याच्या तोंडात, आणि खाली स्पंज. कप्तानानं नाझमीला फळ्यांवर आडवा केला आणि काम चालू ठेवलं. चार तास. ताडपत्रीच्या खालच्या फटीशी नाझमीचं तोंड होतं. त्यातून किनारा दिसत होता. तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, मरायला टेकलेल्या माणसापासून कसली जागा लपवायची?

संध्याकाळी धक्क्यावर कप्तानानं सांगितलं, "राकी ढोसून उतरला. मी काय करू?" आणि गावानं ते मानलं. पाय गेले ते गेले, पण दारुडा म्हणून नाव गेलं ते नाझमीला जास्त झोंबलं. त्याचा सख्खा सासरासुद्धा पुढे कित्येक दिवस त्याचा वास घेऊन मगच शेजारी बसत असे.

नऊ वर्षांनंतरच्या उन्हाळ्यात अंकाराहून पेरिहान बाई आल्या. बुडालेल्या जहाजांचा अभ्यास करणाऱ्या. दुकानात बसून त्या पाणबुड्यांना चहा पाजत आणि विचारत, खाली कुठे दोन कानांचे रांजण पाहिलेत का? लोक चहा पीत आणि हवापाण्याचं बोलत. कारण आदल्याच वर्षी पलीकडच्या भूशिराशी एक गलबत सापडलं, तर सरकारनं तिथे बुडी मारायला कायमची बंदी घातली होती. दुसऱ्याची जागा सांगणं म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणं. नाझमी दोन दिवस बाईंच्या टेबलाशी बसून नुसता चहा पीत राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी कप्तान मधाची बरणी घेऊन नाझमीच्या दारात उभा.

"तुला माहीत तरी काय आहे रे?" तो म्हणाला.

"काही नसेल तर मध कशाला आणलास?"

कप्तान ओट्यावर टेकला. "नाझमी, माझ्या होडीवर सहा घरं जगतात. काय हवं ते माग."

"मी प्यायलो नव्हतो. हे दुकानात सगळ्यांसमोर सांग."

नाझमीची बायको मुनिरे आतून ऐकत होती. तिला वाटलं, हा कप्तान मान मोडून घेईल पण वाकवणार नाही. पण दुपारी भरल्या दुकानात तहसीन कप्तान उभा राहिला, टोपी काढली आणि म्हणाला, "नाझमी त्या दिवशी प्यायला नव्हता. चौथ्यांदा मी पाठवला. चूक माझी."

सासरेबुवा कोपऱ्यात मान खाली घालून रडायला लागले. नऊ वर्षांत पहिल्यांदाच नाझमीला वाटलं, जाऊ दे, झालं तेवढं पुरे.

"आणि ते चार तास?" त्यानं जवळजवळ मायेनंच विचारलं.

कप्तानानं टोपी डोक्यावर ठेवली. "कुठले चार तास?"

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच आठवत नव्हतं. ज्या चार तासांत नाझमी क्षणाक्षणाला पायांना हाका मारत होता, ते ह्या माणसाच्या लेखी एक साधी दुपार होती, कामाची, बरा माल मिळालेली. नाझमीनं काठी उचलली आणि पेरिहान बाईंच्या टेबलाशी गेला.

"बाई, उद्या होडी काढा."

"अरे हरामखोरा, मी सगळ्यांसमोर बोललो ना!" कप्तान मागून ओरडला.

"बोललास. मी ऐकलं," नाझमी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या होडीवर तो उभा राहून किनाऱ्याकडे पाहत राहिला, पण त्याला काही ओळखू येईना. मग तो फळ्यांवर आडवा झाला आणि डावा गाल लाकडाला टेकवला. बाई घाबरून खाली वाकल्या. "बरं वाटत नाही का?"

"बरंय. मी हे आडवंच पाहिलंय." तो तसाच पडून सांगत राहिला, थोडं पुढे, आणखी, आता डावीकडे. पवनचक्की डोंगराच्या खिंडीत बसली. पायांच्या बाजूला बेटाचं टोक भूशिराला चिकटलं. "टाका नांगर."

बाईंचा पाणबुड्या वीस मिनिटांनी वर आला, हातात रांजणाचा कान. होडीवर एकच आरडाओरडा झाला. बाईंनी वही काढली. तिथे आता नकाशा होणार होता, सरकारी कागद येणार होता, तहसीन कप्तानाची होडी विकली जाणार होती आणि सहा घरं नाझमीला शिव्या घालणार होती. हे सगळं त्याला माहीत होतं आणि त्याला जराही वाईट वाटत नव्हतं.

"इतकी नेमकी जागा!" बाई म्हणाल्या. "कुणी दाखवली तुम्हाला?"

"तहसीन कप्तानानं," नाझमी पडल्या पडल्या म्हणाला. "लिहा नाव. नीट बघून घे म्हणून चार तास दिले होते त्यानं."