गुरुजींनी न सांगितलेलं कॉलेज

बातमी आली तेव्हा मी जिंतूरच्या बसस्थानकात माइकसमोर बसलो होतो. परभणीची गाडी फलाटावर लागत होती, तेवढ्यात पेडगावहून संतोषचा फोन आला. संतोष म्हणजे माझ्या मेव्हण्यांचा, माणिक गुरुजींचा, मुलगा. एवढंच म्हणाला, "अण्णा गेले. आत्ता सकाळी, चपला घालता घालता..." मी माइक बंद केला. बाहेर लोक गाडी कोणत्या फलाटावर म्हणून खिडकीवर येऊन विचारत होते आणि मी नुसता त्यांच्याकडं बघत होतो. त्या क्षणी मनात पहिला विचार काय आला ते लिहायला लाज वाटते, पण पाच आठवडे झाले तरी तो जात नाही म्हणून लिहितोच. मला वाटलं, अहो गुरुजी, पण कॉलेज कोणतं ते सांगितलंच नाही की तुम्ही.

माणिक गुरुजी माझ्या बायकोचे, शोभाचे, थोरले भाऊ. सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत झाली आणि ती जवळजवळ सगळी पहिलीच्या वर्गावर. दोनदा मुख्याध्यापक व्हायची वेळ आली, दोन्ही वेळा यांनी लेखी नकार कळवला. कारण काय, तर मुख्याध्यापक झालं की पहिलीचा वर्ग सुटतो. घरात, गावात, पाहुण्यांत सगळ्यांनी समजावलं. गुरुजी सगळ्यांचं शांतपणे ऐकायचे, मान हलवायचे आणि जे करायचं तेच करायचे. दुसरा गुण म्हणजे कोणतीही गोष्ट निवडायला लागणारा वेळ. माझ्या लग्नात मेव्हण्यानं नवरदेवाला घड्याळ द्यायचं ठरलं होतं. गुरुजींनी परभणीतली सगळी दुकानं पालथी घातली, एकही घड्याळ पसंत पडलं नाही, आणि ते घड्याळ माझ्या मनगटावर चढलं तेव्हा माझी पल्लवी रांगत होती. मी एसटीतला वाहतूक नियंत्रक. माझं आयुष्य सुटण्याच्या आणि पोचण्याच्या वेळेवर चाललेलं. असा माणूस आणि असे मेव्हणे, म्हणजे वीस-बावीस वर्षं माझा जीव कसा टांगणीला लागला असेल ते ज्याचं त्यानं समजून घ्यावं.

पल्लवीला शिक्षिकाच व्हायचं होतं, आणि तीही पहिली-दुसरीचीच. हे वेड कुठून आलं हे सांगायला नको. लहानपणी पेडगावला गेली की ती मामाबरोबर शाळेत जाऊन बसायची. बारावीला मार्क चांगले पडले तेव्हा मी म्हणालो, बाई, दुसरं काहीतरी बघ. तिनं बघितलं नाही. मग मी मनाशी ठरवून टाकलं की आता वेळ घालवायचा नाही. माझ्या ओळखीतल्या एकानं एक कॉलेज सुचवलं होतं. रोज यायची सक्ती नाही, हजेरीचं ते बघून घेतात, परीक्षेला गेलं की झालं. पोरगी घरी राहील, घरूनच पात्रता परीक्षेचा अभ्यास करील. मला हे सगळं वेळापत्रकात चोख बसणारं वाटलं. गुरुजी त्या दिवशी आमच्याकडं आले होते. त्यांनी चहा संपवला, कप धुऊन ठेवला आणि म्हणाले, "दाजी, घाई करू नका. मी बघून येतो." त्या वाक्यानं माझ्या डोळ्यांसमोर लग्नातलं घड्याळ आलं, आणि ते बरोबरच होतं.

आधी विद्यापीठ झालं. चार वर्षांचा नवा अभ्यासक्रम निघाला आहे, पदवी आणि शिक्षकाचं शिक्षण एकदमच, हे मला कुणीतरी सांगितलं होतं आणि मला ते भारदस्तही वाटलं होतं. गुरुजी तिथं दिवसभर राहून आले. मी विचारलं, कसं आहे? इमारत चांगली आहे म्हणाले, ग्रंथालय चांगलं आहे, शिकवणारे विद्वान आहेत. मग काय नडलं? "तिथं आसपास लहान लेकरंच न्हाईत, दाजी. लेकरायला शिकवायचं आन् लेकरू दिसंना." झालं, विद्यापीठावर काट. मग डी.एड.ची कॉलेजं सुरू झाली. परभणी, गंगाखेड, पुढं शेजारच्या जिल्ह्यातसुद्धा. निवृत्त माणूस, वय अडुसष्ट, गुडघे दुखतात, आणि हा रोज सकाळी भाकरी बांधून एसटीत. कॉलेजच्या ऑफिसात जायचेच नाहीत. विद्यार्थिनी सराव पाठ घ्यायला ज्या शाळेत जातात ती शाळा शोधायची, मुख्याध्यापकांची परवानगी काढायची आणि पहिलीच्या वर्गात मागं जाऊन मांडी घालून बसायचं. संध्याकाळी मला फोन. "हे न्हाई जमायचं." का, ते सांगायचे नाहीत. एकदाच कारण सांगितलं. एका कॉलेजात त्यांनी पाठ टाचणांच्या, म्हणजे मुलींनी पाठ घेण्याआधी स्वतः लिहायच्या तयारीच्या वह्या बघायला मागितल्या, तर सगळ्या मुलींच्या वह्या एकाच हातानं लिहिलेल्या निघाल्या. ते कॉलेज मी सुचवलेलं होतं, त्यामुळं मी फार बोललो नाही. पण बाकीच्यांचं काय? तुम्ही तिथं बसून नेमकं बघता तरी काय, असं मी चिडून विचारलं तर म्हणाले, "बघायलोय. दिसलं की सांगतो."

इकडं ऑनलाइन अर्जाची मुदत संपत आली. या अर्जात कॉलेजांचा पसंतीक्रम द्यावा लागतो, आणि शेवटी तो पक्का करताना मोबाइलवर ओटीपी येतो. तो मोबाइल नंबर होता गुरुजींचा. नोंदणी त्यांनीच परभणीला पल्लवीला बरोबर नेऊन केली होती, आणि पोरं नंबर बदलतात, माझा बदलत नाही, असं म्हणून स्वतःचा दिला होता. शेवटचा दिवस गुरुवार. मी रजा टाकून पल्लवीला घेऊन ऑनलाइन केंद्रात जाऊन बसलो. तिनं आपल्या मनानं चार कॉलेजं क्रमानं लावली, मी ओटीपीचं बटण दाबायला सांगितलं आणि गुरुजींना फोन लावला. बंद. पुन्हा लावला, बंद. पेडगावला वहिनींना विचारलं, तर म्हणाल्या, सकाळीच गेलेत, कुठं ते सांगितलं नाही. त्या दिवशी मी किती वेळा फोन लावला ते केंद्रातल्या पोरानं मोजलं असेल, मी मोजलं नाही. पाच वाजता फॉर्म बंद झाला. घरी येईपर्यंत पल्लवी गाडीच्या खिडकीतून बाहेरच बघत होती, आणि मला तिच्याकडं बघवेना.

संध्याकाळी गुरुजींचा फोन आला तेव्हा मी त्यांना जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. मेव्हण्याचं नातं, वय, सगळं विसरलो. पोरीच्या आयुष्याशी खेळ मांडलाय तुम्ही, असंही बोलून गेलो. त्यांनी मला मधे तोडलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "मी वर्गात व्हतो, दाजी. वर्गात फोन कसा चालू ठेवावा?" मी फोन ठेवून दिला. वर्ग यांचा नव्हता, शाळा यांची नव्हती, निवृत्तीला दहा वर्षं झालेली, तरी वर्गात फोन बंद. आता सांगा, अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? शोभानं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं, कारण मी तिच्या दादाला बोललो. आणि दादाशीही टाकलं, कारण त्यानं फोन बंद ठेवला. घरात जेवणं मुक्यानं व्हायला लागली.

दुसरी फेरी होती, एवढाच आधार. पुढच्या मंगळवारी गुरुजींनी स्वतःहून फोन केला. माझा राग उतरला नव्हता, मी हं हं करत राहिलो. ते म्हणाले की आता दोनच कॉलेजं उरलीत, एक गंगाखेडच्या बाजूचं आणि एक जिल्ह्याबाहेरचं. त्यातलं कोणतं ते शुक्रवारी नक्की सांगतो. मी म्हणालो, आजच सांगा की. ते म्हणाले, "आज न्हाई सांगता येत. शुक्रवारी." मी बरं म्हणून फोन ठेवला. शेवटचं बोलणं ते एवढंच. गुरुवारी पहाटे त्यांनी वहिनींना लवकर भाकरी करायला लावली, सदरा घातला आणि ओट्यावर बसून चपला घालताना एका बाजूला कलले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

पेडगावला मयतीला माणूस मावत नव्हता. पांढऱ्या केसांचे लोक येऊन सांगत होते, मी त्यांच्या पहिलीत होतो, मला मुळाक्षरं त्यांनी शिकवली. मी ऐकत होतो, रडतही होतो, आणि खोटं कशाला बोलू, आतून चिडलेलाही होतो. आयुष्यभर बोलून पोट भरलेला माणूस, आणि जिथं एक शब्द पाहिजे होता तिथं न बोलता निघून गेला. दिवस सुरू असतानाच दुसऱ्या फेरीच्या तारखा आल्या. शोभा म्हणायची, दादाला विचारल्याशिवाय कसं ठरवायचं? मी म्हणायचो, मग कुणाला विचारू? शेवटी पल्लवीच म्हणाली, "पप्पा, दोनच हायत ना? आपण जाऊन बघू." मी म्हणालो, बघायचं म्हणजे काय बघायचं, तुझ्या मामानं ते कधी सांगितलं का? ती म्हणाली, दिसलं तर दिसलं. मला तिच्यात एकदम मेव्हणेच दिसले आणि मी कपाळाला हात लावला.

गंगाखेडच्या बाजूचं कॉलेज आधी बघितलं. सगळं टापटीप. संगणकांची खोली, भिंतीवर तक्ते, प्राचार्य फार अगत्याचे. त्यांनी आम्हाला सराव पाठांचे फोटो दाखवले, एक मोठा अल्बमच होता. पल्लवीनं विचारलं, आज पाठ कुठं चालू आहेत? ते म्हणाले, आज नाहीत, पण फोटो आहेत ना. ती बाहेर आली. मी म्हणालो, हेच टाकू, घरापासून जवळ आहे. ती म्हणाली, दुसरं बघितल्यावर. फेरीची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळची होती, म्हणजे माझ्या जिवाला पुन्हा तोच घोर. अर्ज शेवटी मुदतीच्या तासभर आधी भरला. ओटीपी गुरुजींच्याच फोनवर आला आणि पेडगावहून वहिनींनी एकेक आकडा सावकाश वाचून दाखवला. मधेच त्या थांबल्या, मी हॅलो हॅलो करत राहिलो, मग त्यांनी उरलेले दोन सांगितले. अर्जात पहिल्या नंबरवर दुसरं कॉलेज होतं, जिल्ह्याबाहेरचं, आणि आज पल्लवी तिथंच आहे. पण अर्ज भरायच्या आधी, त्या दुपारी तिथं काय झालं ते सांगायचं राहिलं.

कॉलेजची इमारत साधी, रंग उडालेला. शेजारी भिंतीला भिंत लागून प्राथमिक शाळा. पल्लवी थेट शाळेत शिरली आणि मुख्याध्यापक बाईंना म्हणाली, मला पहिलीच्या वर्गात मागं बसायचं आहे. बाई हसून म्हणाल्या, मागं बसतो म्हणणारे तुम्ही दुसरेच. त्यांनी आम्हाला आत नेलं. मी पन्नाशीचा माणूस, सतरंजीवर मांडी घालून बसलो. समोर दुसऱ्या वर्षाची एक मुलगी पाठ घेत होती. पाठ बरा होता, मला त्यातलं फार कळत नाही. सुट्टीची घंटा झाल्यावर ती आमच्याजवळ आली आणि पल्लवीला विचारलं, तुम्ही त्या गुरुजींच्या कोण?

मग तिनं सांगितलं. दोन आठवड्यांपूर्वी, एका गुरुवारी, एक म्हातारे गुरुजी येऊन मागं बसले होते. त्या दिवशी तिचा या वर्गावरचा पहिलाच पाठ. ती मुलांना निळा शर्ट, खिडकीजवळची, दोन वेण्या, असं म्हणून उठवत होती. पाठ झाल्यावर गुरुजींनी तिला बाजूला घेतलं. "ते म्हणले, ज्या लेकराचं नाव तुला ठाऊक न्हाई त्याला तू काय शिकवायलीस? पुढच्या गुरुवारी मी परत येतो. तवर नावं पाठ झाली तर ह्या कॉलेजात शिकवतात असं समजंन." तिला आधी फार राग आला होता. मग तिनं आठवडाभर रोज लवकर येऊन नावं पाठ केली. गुरुवारी तयार होऊन उभी राहिली. ते आलेच नाहीत.

तो गुरुवार कोणता, ते आम्हा दोघांना कळलं. पल्लवीनं तिला सांगितलं, माझे मामा होते, गेले. फोन बंद होता तो याच वर्गात, आणि माझ्या पोरीची फेरी हुकली ती एका परक्या पोरीला झापण्यात. मला अजूनही वाटतं, गुरुजी, फोन चालू ठेवला असता तरी झापता आलं असतं. तेवढ्यात घंटा झाली, मुलं परत आत आली आणि दाटीवाटीनं आपापल्या जागी बसली. ती मुलगी पुढं गेली. मला म्हणाली, "तुमी तरी बघा." आणि पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. हजेरीपट न बघता, प्रत्येकाच्या समोर उभी राहून, आयेशा, प्रणव, समीक्षा, अडखळत अडखळत, शेवटच्या रांगेपर्यंत. प्रत्येक लेकरू नाव ऐकलं की ताठ बसत होतं. सगळी झाल्यावर तिनं माझ्याकडं बघितलं, बरोबर आहेत ना म्हणून. मला त्यातल्या एकाचंही नाव माहीत नव्हतं. मी मान हलवली.