लूर्डसची लितानी

लूर्डस हसली, तेव्हा अख्ख्या उमेळे गावाला हायसं वाटलं. त्याआधी वर्षभर ही बाई भिंतीकडे तोंड करून पडलेली; घास भरवावा तर तोंडातच राही. शेवटी १९७८ च्या उन्हाळ्यात नवऱ्याने, सॅन्टनने, तिला मुंबईच्या इस्पितळात नेलं. तिथे डोक्याला विजेचे शॉक दिले आणि ती उठून कामाला लागली.

निघताना डॉक्टर म्हणाले होते, "कधी कधी शॉकनंतर पेशंट उलट्या टोकाला जातो. झोप उडाली, बोलणं आवरेना, की लगेच घेऊन या."

पण सुखाची तक्रार घेऊन डॉक्टरकडे जाणार कोण? लूर्डस उजाडायच्या आत वाडी शिंपायची, शेजाऱ्यांची अंगणं झाडायची, केळीचे कोवळे लोंगर, घडच्या घड, तोडून गावभर वाटायची. झोपेचं नाव नाही. सॅन्टन डॉक्टरांचं बोलणं काढायचा. त्याची भावजय मटिल्डा म्हणायची, "देवानं दिलंय ते घे की गुमान!"

आभार मानायला गावाने क्रूसापुढे प्रार्थना ठेवली. लितानी लूर्डसनेच सांगायला घेतली. ती एकेका संताचं नाव घेई, लोक म्हणत, "आम्हांसाठी विनंती कर." लितानी संपली आणि श्वासही न घेता तिने पहिल्यापासून धरली. मग पुन्हा, आणखी भरभर. म्हाताऱ्यांचे गुडघे कुरकुरू लागले, वाटायचे उकडलेले चणे टोपात गार झाले. पण चालू प्रार्थना तोडायची कोणी? या गावात माणसाला पानावरून उठवतील, प्रार्थनेवरून नाही. उलट बायका डोळे पुसत म्हणाल्या, काय ही भक्ती!

सॅन्टनला तिचा चिरकलेला आवाज ऐकवेना. थांबवावं तर चारचौघांत तिची शोभा, वर पुन्हा ते इस्पितळ, पुन्हा ते शॉक. त्याला स्वतःचाच राग आला. तो उठला आणि सरळ तिच्या तोंडावर हात ठेवला.

"क्रूसापुढं?" मटिल्डा कडाडली. "लाज नाय वाटत?"

"आजारी हाय ती," सॅन्टन म्हणाला. हात त्याने काढला नाही. आता ही चावणार, ओरडणार, असं त्याला वाटलं.

लूर्डसने त्याचा हात दोन्ही हातांनी धरला आणि सगळा भार त्याच्यावर टाकला.

"दमले हो मी," ती पुटपुटली. "थांबताच येत नव्हतं. कवाची वाट बघत होते, कोनीतरी थांबवंल म्हनून."