आवाज बंद करून बघणारी

आमच्या झुंबरबाईंना कोणताबी पिक्चर दाखवा, त्या त्यात खोट काढणार म्हणजे काढणारच. देवानं तुम्हाला डोळे दिले ते नावं ठेवायला, आसं मी त्यांना तोंडावर म्हणलेलं हाय. झुंबरबाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊ. टेंभुर्णीत बाजाराच्या रस्त्याला आमची पिठाची गिरणी हाय. भाऊजी वारले तेव्हापासून बटन, पट्टा आन् दळण सगळं त्यांच्या हातात. मी द्वारका, धाकटी. डबे उचलायचे, पीठ चाळायचं आन् बाईंची बोलणी खायची, एवढंच माझ्याकडं.

गिरणीत बसून पिक्चर कसा बघत्यात, तेबी सांगते. बटनाच्या शेजारी फळी हाय. तिच्यावर मोबाईल उभा, पीठ जाऊ नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, आन् आवाज बंद. चालू ठेवून करता काय? गिरणी सुरू झाली की शेजारचा माणूस बोंबलला तरी ऐकू येत न्हाई. समोरच्या मोबाईल दुकानातल्या परवेजनं एकदा कानात घालायचं ते आणून दिल्तं. बाईंनी परत केलं. म्हणल्या, "कान गिरणीला लागतो रे बाबा. दगड घासला, पट्टा सरकला, तर आधी कानालाच कळतं." म्हणून कान गिरणीचे आन् डोळे मोबाईलचे.

त्यामुळं माणूस काय बोलतो ह्याचं बाईंना काही घेणंदेणं न्हाई. तोंड बघायचं, हात बघायचे आन् मत द्यायचं. संध्याकाळी गिरणी थांबली की मोबाईल तोंडाजवळ धरायचा आन् घरच्या ग्रुपवर बोलून टाकायचं. मारामारीच्या पिक्चरवर म्हणल्या, "हिरो गावभर माणसं लोळवतो आन् शर्टाची इस्त्री मोडत न्हाई. ह्याला ज्वारीचं एक पोतं उचलायला लावा, मंग बघू." रडणाऱ्या हिरोईनबद्दल म्हणल्या, "नाक न पुसता कोण रडतंय? डोळ्यात कायतरी घातलंय बयेनं." दुष्काळावर शहरातल्या पोरांनी डॉक्युमेंटरी केल्ती, लोकांनी तिचं लय कौतुक केलं. आमच्या बाई म्हणल्या, "म्हातारीला हंडा घेऊन दोनदा चालवलंय. एकदा रिकामा, एकदा भरलेला, मान बघा की तिची. पाण्याचं दुख दाखवा, पण म्हातारीला कामून पळवता?"

एक डॉक्युमेंटरी तेवढी त्यांना आवडली. समुद्राच्या तळाला एक मासळी आपली अंडी राखत बसती, खात न्हाई, पित न्हाई. त्या दिवशी बघायच्या नादात बाईंनी बाजरी जरा जाडच काढली. संध्याकाळी म्हणल्या, "ह्या मासळीनं काम चांगलं केलं." आम्ही पोट धरून हसलो.

पॉडकास्टचा मात्र त्यांना भारी राग. "दोन माणसं खुर्चीत बसून माइक चाटत्यात, ह्याच्यात बघायचं काय?" तरी बघायच्या. "हा पाव्हणा बोलतोय, पण विचारणारा ऐकून घीना. त्याचं ध्यान घड्याळाकडं हाय." मी म्हणायचे, बाई, नका ना मंग बघू. तर म्हणायच्या, "खराब दळण बघितल्याबिगर चांगलं कसं कळंल गं, द्वारके?"

गिरणीत बोलता येत न्हाई, म्हणून आमच्या हाताच्या खुणा हायत. दोन बोटं चोळली की बारीक दळ. मूठ वळली की भरडा. आन् तळहात आपल्याच खांद्यावर दोनदा मारला, की पट्टा सरकला, गिरणी बंद कर. ही खूण सगळ्यात मोठी. ती दिसली की कामून, काय झालं, कुठं झालं, काही विचारायचं न्हाई. आधी बटन. एकदा बाईंचा पदर पट्ट्यात चालला व्हता, आन् त्यांना पत्ता न्हाई. बाईंची राजनंदिनी तेव्हा शाळंत व्हती, पोत्यावर बसून गृहपाठ करत व्हती. तिनं वही फेकली, माझ्याकडं बघून खांद्यावर हात मारला, मी बटन दाबलं. पदर फाटला, बाई वाचल्या. राजी सगळी गिरणीतच वाढलेली. बोलायच्या आधी तिला खुणा येत व्हत्या म्हणलं तरी चालंल.

राजीचं लग्न दोन वर्षांमागं जालन्याच्या सोमेश्वरशी झालं. पोरगा दिसायला राजबिंडा, बोलायला गोड. बियाण्याच्या कंपनीत चांगला कामाला व्हता. ते सोडून त्यानं मोबाईलवर व्हिडिओ टाकायला सुरू केलं, नवराबायकोच्या गोड संसाराचे. बायकोला चहा करून दे, बायकोच्या केसात गजरा घाल, बायकोनं लटकं रागवायचं, ह्यानं कान धरायचे. लोकांना लय आवडलं. बाजारात बायका बाईंना थांबवून म्हणायच्या, "जावई तर हिऱ्यासारखा मिळाला." बाईंची छाती फुगायची, पण मत द्यायचं त्या सोडायच्या का? पोरीच्याबी व्हिडिओवर मत. "साडी चांगली, उभी वाकडी राह्यली." "हसती, पण डोळ्यानं हसत न्हाई. पहिल्यापासून फोटो काढताना आशीच, मुलखाची लाजरी."

मला एक गोष्ट खटकायची. फोन केला की सोमेश्वरबी फोनवर. सासूला तो मामी म्हणायचा. "बोला मामी, दोघंबी ऐकून राह्यलो." राजी "हो आई, बरी हाय आई" एवढंच. दिवाळीला आली न्हाई, शूटिंग हाय म्हणं. पंचमीला आली न्हाई, शूटिंग. मी एकदा बाईंना म्हणलं, पोरीला बघून येऊ. तर म्हणल्या, "रोज तर बघते की मी तिला." खरंच रोज बघायच्या.

मंग सोमेश्वरनं संसारावरचा पॉडकास्ट सुरू केला. सुखी संसार कसा करावा, हे तो सांगणार आन् राजी शेजारी बसणार. त्या दिवशी बाईंनी जे कधी केलं न्हाई ते केलं. भर दुपारी, दळणाची रांग लागलेली असताना गिरणी बंद केली, मोबाईल पिशवीतून काढला आन् आवाज मोठा केला. रांगेतल्या बायका कुरकुरल्या. बाई म्हणल्या, "माझी लेक बोलून राह्यली. गप बसा." राजी काय गोड बोलली! नवरा देव हाय, ते मला कशाचीच कमी पडू देत न्हाईत, मी नशीबवान हाय. सगळ्या बायका ऐकत व्हत्या. बाईंनी पदरानं डोळे पुसले. आन् संध्याकाळी ग्रुपवर मत गेलं, "बोलणं एक नंबर झालं. पण पोरी, तू ओढणी लय सावरती. सारखा हात खांद्याला. बघणाऱ्याचं ध्यान तिकडंच जातंय. हात सांभाळ."

लगेच सोमेश्वरचं उत्तर आलं, "मामी, तुमची सूचना बिलकुल बराबर. आता ओढणीला पिनच लावतो."

आम्ही हसलो. मीबी हसले, खोटं कामून बोलू? पुढच्या व्हिडिओत ओढणीला पिन व्हती, दोन्ही हात मांडीवर. बाई खुश. म्हणल्या, "बघ द्वारके, सांगितलं की पोरगी सुधरती."

त्यानंतर थोड्याच दिवसांची गोष्ट. दळणाला आलेल्या रहिमुन्निसाचे गहू दगडात व्हते. बाई फळीकडं बघत व्हत्या, राजीचा नवा व्हिडिओ लागला व्हता. मला पट्टा कडंला येताना दिसला. मी बाईंच्या समोर गेले आन् खांद्यावर हात मारला, दोनदा. बाईंनी माझ्याकडं बघितलं. हात बटनावर गेला, गिरणी थांबली. पण त्या पट्टा बसवायला उठल्याच न्हाईत. माझ्या खांद्याकडं बघत राह्यल्या. तोंड पिठावानी पांढरं पडलं.

"परत कर," म्हणल्या.

"काय परत कर?"

"खूण. परत कर, द्वारके."

मी केली. बाई खाली पिठातच बसल्या. मोबाईल पिशवीसकट मांडीवर घेतला आन् राजीचे जुने व्हिडिओ काढायला लागल्या. मी शेजारी बसले, चष्मा लावला. चहाचा व्हिडिओ, सोमेश्वर कप पुढं करतो, राजी हसती आन् हात खांद्यावर, दोनदा. गजऱ्याचा व्हिडिओ, हात खांद्यावर, दोनदा. वाढदिवसाचा केक, खांद्यावर दोनदा. पॉडकास्टमध्ये तर 'नवरा देव हाय' म्हणताना. ओढणी जागची हललीबी नव्हती. आन् दर वेळी पोरगी सरळ आपल्याकडं बघती, जसं पोत्यावर बसून माझ्याकडं बघितलं व्हतं तसं.

"दिवाळीच्या आधीपासून," बाई म्हणल्या. "दिवाळीच्या आधीपासून लेक मला म्हणती बंद कर. आन् मी तिला म्हणते, हात सांभाळ." त्यांनी आपल्याच तोंडात मारून घेतलं. मी हात धरला तर मलाबी ढकललं. आसं रडणं मी भाऊजी गेले तेव्हाबी ऐकलं नव्हतं. आन् नाक पुसायचंबी भान नव्हतं त्यांना.

दारात उभ्या रहिमुन्निसाला सगळं कळलं न्हाई, पण लेकीचं कायतरी हाय एवढं कळलं. ती म्हणली, "जाव बाई, जल्दी जाव. गव्हाचं काय घेऊन बसल्या?" आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, पिकअप काढली. बाई तशाच बसल्या, पिठानं भरलेल्या. मी म्हणलं तोंड तरी धुवा. ऐकूच आलं न्हाई त्यांना. जालन्यापर्यंत मी मनात म्हणत व्हते, देवा, पिन लावल्यावर काय झालं आसंल? ते शेवटचे व्हिडिओ, हात मांडीवर ठेवलेले, ते माझ्या डोळ्यासमोरून हलत नव्हते.

दार सोमेश्वरनंच उघडलं. आत मोठा गोल दिवा लावलेला, मोबाईल तीन पायांच्या तिकाटण्यावर, राजी सोफ्यावर नटून बसलेली. सोमेश्वर आधी दचकला, मंग तोंडभर हसला. "या, या मामी! बराबर टायमाला आल्या. तुम्हालाच व्हिडिओत घेऊ. हे काय, पिठातच आल्या? लय भारी, असंच राहू द्या!"

बाईंनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. दारातच उभ्या राह्यल्या. राजीकडं बघितलं आन् आपला तळहात आपल्या खांद्यावर मारला, दोनदा. पीठ उडालं.

राजी हलली न्हाई. आधी नवऱ्याकडं बघितलं. मंग उजवा हात मांडीवरून उचलला. तो छातीपर्यंत आला आन् तिथंच थांबला, वर जाईना. पोरीनं ओठ दाताखाली धरला. मंग डावा हात उचलला आन् खांद्यावर मारला, दोनदा.

बाईंनी भिंतीवरचं बटन दाबलं. तो मोठा दिवा विझला.

"मामी, रेकॉर्डिंग चालू हाय!" सोमेश्वर ओरडला. मंग आवाज लगेच खाली घेतला. "घरातली भांडणं असत्यात हो. किती लोक बघत्यात आम्हाला, नाव खराब व्हईल. तुम्हीच तर म्हणल्या व्हत्या, हात सांभाळ म्हणून." हे ऐकलं आन् माझ्या डोक्यातली शीर तडकली. मी त्याला काय काय बोलले ते लिहिता यायचं न्हाई. आमचे मालक मधी उभे राह्यले म्हणून बरं. बाईंनी राजीला डाव्या बाजूनं धरलं आन् जिना उतरवला. चपलाबी तिथंच राह्यल्या.

सरकारी दवाखान्यात हात दाखवला. डॉक्टरीणबाई म्हणल्या, मार आजचा न्हाई, काही दिवसांचा हाय, आधीच आणायला पाह्यजे व्हतं. पोलिसांत तक्रार दिली. पुढं काय व्हायचं ते व्हईल. त्याचा पॉडकास्ट अजून चालू हाय, हेबी सांगते. बायकोनं कसं सोडलं, ह्याच्यावर बोलतो आता, आन् लोक त्याच्यासाठी हळहळत्यात.

पण मला आठवती ती परतीची वाट. पिकअपमध्ये राजी आमच्या दोघींच्या मधी बसल्ती. जालना मागं पडल्यावर राजी हळूच म्हणली, "त्यांनी माझा फोन काढून घेतला व्हता. बोलायचं ते तेच लिहून द्यायचे. मला वाटलं, समदे ऐकत्यात, पण आई तर आवाज बंद करून बघती. तिला हातच दिसंल."

बाई खिडकीबाहेर बघत व्हत्या.

"आई, तुला दिसत नव्हतं का गं?"

"दिसत व्हतं गं," झुंबरबाई म्हणल्या. "रोज दिसत व्हतं. मी नावं ठेवत बसले."