दाराचं तेल

"तुझ्या घरी येऊन मी झोपू कुठं? शेगडीवर?" आत्या म्हणाली. "आधीच तुम्ही एकमेकांच्या बरगड्यांत कोपरं खुपसून झोपता. त्यात आणि माझी भर!"

"पडदा लावू की गं ताई," धाकटी बहीण म्हणाली. "कोपरा रिकामा करून ठेवलाय. त्या ओसाड आळीत एकटी काय करतेस? भिंतींशी बोलतेस म्हणे."

"भिंतींशी नाही, दारांशी. दारं निदान मध्ये तोंड घालत नाहीत. तेल आण."

बहिणीनं फळीवरची बाटली काढली आणि चमचाभर तेल आत्याच्या कॅनमध्ये ओतलं. आत्यानं कॅन तिरका करून पाहिला.

"हा चमचा झाला? नाकात घालायला तरी पुरेल का?"

"मुराळी अजून आला नाही. बाटलीचा तळ दिसतोय. दारानं जेवायचं आणि पोरांनी बघत बसायचं?"

"दार उपाशी राहिलं तर पोरं श्वास कशाचा घेतील? घाल अजून."

बहिणीनं कुरकुरत अजून थोडं घातलं. जाता जाता आत्या म्हणाली, "आणि पडदा काढून ठेव. यंदा नवं रबर माझ्या आळीच्या दाराला आहे. मी कुठं जात नाही."

वस्ती खडकाच्या पोटात होती. बाहेर वारा नव्हता, श्वास घेण्याजोगं काहीच नव्हतं. आत आळ्या कोरलेल्या, दोन्ही अंगांना खोल्या, आणि प्रत्येक आळीच्या तोंडाशी एक अगडबंब लोखंडी दार. दाराच्या कडेनं मनगटाएवढ्या जाडीचं रबर. ते रबर धड असलं तर आळी धड. रबर गेलं की हवा फुसफुसत निघून जायची, मग माणसं दुसऱ्या आळीत कोंबायची आणि दिवे घालवून ती आळी कायमची बंद करायची.

आणि रबर वस्तीत होत नव्हतं. रबर यायचं माहेरहून. आभाळात रात्रंदिवस एक निळसर टिकली दिसायची, तिला सगळे माहेर म्हणायचे. पहिली माणसं तिथून आली तेव्हा कुणीतरी थट्टेनं म्हणालं असेल, ते नाव चिकटलं. तिथून येणारं जहाज मग आपसूकच मुराळी झालं. खरा मुराळी लेकीला न्यायला येतो. हा यायचा तो खाणीतला धातू न्यायला. धातू पोटात भरायचा आणि त्याच्या बदल्यात तेल, औषधं, कापड, सुया, रबर टाकून जायचा. धातू वस्तीचा पण भाव माहेरचा, आणि रबर माहेरचं म्हणजे त्याचाही भाव माहेरचाच. वर नियम असा, की जुनं रबर परत दिल्याशिवाय नवं मिळायचं नाही. तुकडासुद्धा मागं ठेवायचा नाही.

जुनं उपसायचं आणि नवं बसवायचं, हे काम आत्याचं. एका वस्तादानं तिला ते शिकवलं होतं. तो कधीच मेला. दाराच्या कडेला दोरा धरायचा, दोरा कुठं झुकतो ते बघायचं, म्हणजे गळती तिथं. आणि रबराला तेल लावायचं. बिजागरीला तेल लावलं की ती मऊ चालते, मग रबरालाही लागणारच, असं वस्तादाला वाटलं आणि वस्तीला ते पटलं. तेव्हापासून रीतच पडली. आत्या कॅन घेऊन आळीत शिरली की घराघरातून चमचा पुढं यायचा. स्वतःच्या वाट्यातलं तेल, तेही माहेरचंच, पण दारासाठी कुणी हात आखडता घेतला तर शेजारी नाव ठेवायचे. चमचा ओतता ओतता चार शब्द व्हायचे. कुणाची सून फुगून बसलीय, कुणाचं दूध उतू गेलं, कुणाच्या गुडघ्याला काय झालं, सगळं आत्याच्या कानावर. नवरा खाणीत मेल्यापासून तिला तेवढीच माणसं होती.

तिच्या आळीत मात्र कुणी उरलं नव्हतं. दार जुनं झालं तशी एकेक बिऱ्हाड हललं. शेवटी शिंपी गेला. जाताना म्हणाला, "आत्या, तुम्ही पण चला." ती म्हणाली, "तू हो पुढं." अजूनही ती कामावरून येताना शिंप्याच्या दारावर टकटक करायची, सवयीनं. मग स्वतःलाच म्हणायची, "कोण आहे आत? तुझा मेलेला सासरा?" आणि पुढं जायची. तिच्या खोलीत नवऱ्यानं कोरलेलं फडताळ होतं. खडकातच कोरलेलं, त्यामुळं उचलून कुठं नेता येत नव्हतं. पहिल्या पगाराला त्यानं ते कोरायला घेतलं होतं आणि एक बाजू शेवटपर्यंत वाकडीच राहिली होती.

मुराळी आला. आत्या कोठीवर गेली. कोठीवाला नवी रबरं मोजून भिंतीला टेकवत होता. तिच्याकडे न बघताच म्हणाला, "आत्या, तुमचं बसत नाही यंदा."

"बसत नाही म्हणजे? बसवणारी मी आहे."

"आलीच कमी. तिकडं भाव वाढवलाय. एकट्या बाईसाठी अख्खी आळी उघडी ठेवायची, मी वर काय तोंड दाखवू?"

"माझं नवं रबर दरवेळी दुसऱ्याला दिलंस, तेव्हा कुठलं तोंड दाखवत होतास?"

कोठीवाला बिचारा ओशाळला. पण ओशाळून रबर थोडंच वाढतं. म्हणाला, "मुराळी जाईस्तोवर सामान हलवा. मग दिवे घालवतो."

जुनी रबरं गाडीवर घालून आत्या धक्क्यावर गेली. तिथं मुराळ्यावरचा फिटर ती मोजून घ्यायचा. नवा होता, तरणा, बोलघेवडा. त्यानं एक रबर उचललं, दाबलं, तर ते फुगलेल्या पावासारखं त्याच्या बोटांत चेपलं. त्यानं वास घेतला.

"मावशी, याला तेल कुणी लावलं?"

"मी. रोज लावते. का?"

तो हसायलाच लागला. "रबराला तेल! अहो, तेलानं रबर फुगतं, कुजतं. कोरडं ठेवलं असतं तर याच्या दुप्पट तिप्पट टिकलं असतं!"

आत्यानं त्याच्या हातातलं रबर ओढून घेतलं. "चेष्टा करतोस?"

"चेष्टा कशाची? झाडाचा चीक असतो तो. तेलाशी त्याचं जमत नाही. आमच्याकडं शेंबड्या पोराला माहीत असतं."

"आमच्याकडं झाड नाही," आत्या म्हणाली. "मग तुमच्या लोकांनी आम्हाला सांगितलं का नाही? इतकी वर्षं हेच तेलकट रबर परत नेताय. कुणाला वास नाही आला?"

फिटरचं हसू मावळलं. त्यानं मागं वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आला असेल. पण जे गिऱ्हाईक लवकर लवकर माल मागतं, त्याला कोण शहाणं करतं मावशी? मालाविषयी बोलायचंच नाही, असा आम्हाला दम आहे. मी बोललो ते चुकलंच. घरी बायको आहे, नोकरी गेली तर..." तो आत गेला आणि एक कोरं करकरीत रबर खांद्यावर टाकून आला. "हे जहाजाच्या सुट्या सामानातलं. यात कमी दाखवून मी सांभाळून घेईन. तुमच्या आळीला लावा. फक्त तेलाचं कुठं बोलू नका."

आत्यानं रबर घेतलं. घरी आणलं आणि खुंटीला अडकवलं.

मग ती बसली. आळीत कुणाच्या भांड्याचा आवाज नव्हता. नव्या रबराचा कडू वास खोलीभर पसरला होता. लावलं की झालं. आळी तिची, फडताळ तिचं, शिंप्याच्या दारावर मरेपर्यंत टकटक करायला मोकळी. फक्त उद्या सकाळी कॅन घेऊन निघायचं. बहीण बाटलीचा तळ खरवडून चमचा पुढं करणार, आणि आपण म्हणायचं, एवढंच? घाल अजून. हे सगळं माहीत असून म्हणायचं. तिनं कॅनमध्ये बोट बुडवलं, बाहेर काढलं, अंगठ्यावर चोळून पाहिलं. किती दारं आपल्या हातानं कुजवली? शिंप्याला आळीतून कुणी घालवलं? वाढलेल्या भावानं नाही, मुराळ्यानं नाही. त्या दाराला सगळ्यांत जास्त तेल तिनंच पाजलं होतं, आपलं म्हणून.

"वस्ताद, तुझ्या डोक्यात काय भरलं होतं रे?" ती फडताळाकडं बघून म्हणाली. तिथं वस्ताद नव्हता, नवरा नव्हता. वाकडी बाजू होती.

सकाळी तिनं रबर धक्क्यावर नेऊन फिटरच्या पुढ्यात टाकलं. तो घाबरला. "मावशी, वचन..."

"वचन मी दिलंच नव्हतं. पण तुझं नाव निघायचं नाही. बायकोला सांभाळ."

तिथून ती तडक कोठीवर गेली. आळ्याआळ्यांतली माणसं सामान न्यायला जमली होती, बहीणही होती. आत्यानं कॅन फळीवर आपटला आणि सांगून टाकलं. तेलानं रबर कुजतं, आणि आजवर ते मी कुजवलं.

कोठीवाल्यानं विचारलं, "कुणी सांगितलं हे?"

"माझ्या नाकानं. उशिरा सांगितलं, पण सांगितलं. खोटं वाटत असेल तर नवं रबर बसवताना उरतात ते दोन तुकडे घे. एक तेलात ठेव, एक कोरडा ठेव. आणि मग बघ."

मग मागून एक म्हातारा म्हणाला, "माझ्या सुनेच्या ताटातलं तेल नेत होतीस तू." दुसरी कुणी म्हणाली, "आमची आळी बंद झाली ती काय उगाच?" शिंपी जमिनीकडं बघत उभा होता. बहीण तेवढी म्हणाली, "तिला काय माहीत होतं? तुम्हाला तरी माहीत होतं का?" पण ते कुणाच्या कानात शिरलं नाही.

मुराळी गेला. त्याआधी आत्यानं स्वतःच्या आळीचं रबर स्वतः उपसलं, नियमाप्रमाणं परत करायला. दोराही लावून बघितला, उगाच. मग कोठीवाल्यानं दिवे घालवले.

आता ती बहिणीकडं पडद्यामागं झोपते. पोरं तिच्या पायांवरून उड्या मारतात, ती कोपर खुपसते. तेलातला तुकडा फुगला, कोरडा धड राहिला. कोरडी दारं टिकताहेत, कोठीवाला पुढच्या मुराळ्याला कमी रबर मागणार म्हणतो. लोकांचा राग निवळलाय. पण चमचा आता कुणी पुढं करत नाही. दार पुसायला कुणाच्या घरातलं काही लागत नाही, त्यामुळं कुणी दारात येऊन उभं राहत नाही, कुणाच्या गुडघ्याला काय झालं ते कळत नाही. ती आळीत शिरते, साबणाच्या पाण्यानं जुनं तेल काढते, कोरडं करते, आणि आतल्या आवाजांकडं पाठ करून बाहेर पडते.

आज शिंप्याच्या नव्या आळीचं दार होतं. आतून कुणीतरी मोठ्यानं हसलं. आत्या थोडी थांबली, हात टकटक करायला वर गेला. मग तिनं बादलीतलं फडकं उचललं, पिळलं, आणि दाराच्या वरच्या कडेपासून पुसायला घेतलं.