पाठमोरा बसणारा

वणीत कॉम्प्युटर दुरुस्त करणारे बरेच आहेत, पण मी यालाच बोलावतो. तीन फोन केल्याशिवाय येत नाही. आला की स्क्रू ओठांत धरून मशीनशी बोलतो, "काहून रुसली बाई?"

माझा जुना कॉम्प्युटर धापा टाकू लागला, तेव्हा त्याने आतल्या लिनक्स प्रणालीची फायलींसकट अख्खी इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, काढली आणि नव्यावर चढवली. म्हणाला, "एकेक फाईल उघडून मी पाहत नाही, सर. घर हलवाचं त कपाटाचं कुलूप कायले उघडाचं?"

पहिल्यांदा पडदा काळाच राहिला. नवं मशीन जुन्याच डिस्कला शोधत होतं. त्याने सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये जुन्या डिस्कच्या जागी नव्या डिस्कचा नंबर लिहिला आणि माझा डेस्कटॉप जसाच्या तसा उगवला.

"आता तुमी पाहा," म्हणत त्याने स्टूल भिंतीकडे फिरवलं.

मी बायकोच्या नावाचा फोल्डर उघडला. ती गेल्यापासून मी तिला रोज पत्र लिहितो, हे कोणालाच ठाऊक नाही. सगळी पत्रं होती. वाचता वाचता किती वेळ गेला, कळलंच नाही.

"आलं का सगळं?" त्याने भिंतीलाच विचारलं.

"आलं."

तेव्हा कुठे तो वळला. मघाशी मी आणलेला त्याचा चहा माझ्या कीबोर्डशेजारीच राहिला होता. त्यावर जाड साय धरली होती.