बायोडाट्यातला फोटो

पुण्याला प्राइडच्या मोर्चाला जायचं म्हणून घरी सांगितलं, कंपनीचं ट्रेनिंग आहे. जालन्याच्या एमआयडीसीत मी बियाणं तपासायला आहे. उगवण किती, तुटके दाणे किती. असल्या माणसाला पुण्यात कोण कसलं ट्रेनिंग देणार, हे आमच्या घरात कुणी विचारलं नाही. कंपनीचं नाव काढलं की वडील गप्प बसतात.

सोबत तो होता. एमआयडीसीतच लोखंडाच्या मिलमध्ये कामाला आहे, आणि चार वर्षं आमचं आहे. ‘आमचं आहे’ एवढंच म्हणता येतं. पुढचा शब्द मी जालन्यात अजून मोठ्यानं उच्चारलेला नाही. पुण्यात मात्र भर दुपारी, भर रस्त्यात ढोल वाजत होते, अनोळखी पोरी गालाला रंग लावत होत्या. मला आधी लाज वाटली. मग रडू आलं. मग नाचलो, आणि मला नाचता येत नाही हे तिथं कुणाला खटकलं नाही. कुणीतरी आम्हा दोघांचा फोटो काढून दिला. इतका हसलेला मी दुसऱ्या एकाही फोटोत नाही.

परतीच्या बसमध्ये तो फोटो स्टेटसला टाकायची मला खुमखुमी आली. तो म्हणाला, "येडा झाला का? सगळं गाव बघंल."

गावच लपवतो, म्हणालो. आणि खरंच बसलो लपवत: वडील, दोन्ही काका, मामा, दाजी, चुलतभाऊ, सरपंच, दूधवालासुद्धा. एक नाव मात्र मुद्दाम सोडलं. घनसावंगीला दिलेली माझी ताई. लहानपणी माझ्या वाटणीचा मार तिनं कितीदा खाल्ला होता. घरातल्या एका तरी माणसाला कळावं, एवढंच मला हवं होतं, आणि तोंडानं सांगायची हिंमत नव्हती. तिनं स्टेटस पाहिलं आणि लाल बदाम पाठवला. जालना येईपर्यंत मी हवेत होतो.

आठ-दहा दिवसांनी मामाचा फोन आला. "भाच्या, फोटो लई झकास काढला! तीन स्थळं आली बघ."

आमच्याकडे आधी बायोडाटा समाजाच्या ग्रुपवर फिरतो, मग माणसं फिरतात. मी तर बायोडाटा कुणाला दिलाच नव्हता. ग्रुप उघडला. जन्मवेळ, शिक्षण, शेती, मामाचं गाव, आणि वर मी, हसत. मागचे आणि गालावरचे रंग गेले होते. शेजारचा तो गेला होता. आमच्या घरात हा फोटो एकाच माणसानं पाहिला होता.

ताईला फोन लावला. तिला काही कळलंच नसेल, जत्रेतला फोटो वाटला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

"ताई, ते काय होतं, तुला कळलं नाही का?"

"कळलं म्हणून तर केलं," ती म्हणाली. "तू असे फोटो टाकून राह्यला, मंग दुसऱ्या कुणी बघायच्या आधी जल्दी काही करायला नको? मला दोन पोरी हायेत. उद्या त्यांच्या सोयरिकीला हेच निघंल."

"आणि तो बदाम?"

"तू हसत होता म्हणून पाठवला. खोटं न्हाई सांगत."

ती रडत होती. मला इतका राग आला होता की फोन भिंतीवर आपटावासा वाटला, पण तिला शिव्या देता आल्या नाहीत. तिच्या जागी मी काय केलं असतं, मला अजून सांगता येत नाही. त्याला म्हणालो, एकदा मुलगी बघायला जाऊन येतो, नकार देतो, विषय संपेल. तो डबा उचलून शिफ्टला गेला.

तिनांतलं पहिलं स्थळ टेंभुर्णीचं, तिथं आम्ही गाडी करून गेलो. वडील, मामा, ताई, दाजी. पोहे, चहा, शेती किती, विहिरीला पाणी किती. मग रिवाजाप्रमाणे मला आणि मुलीला पाच मिनिटं बोलायला माडीवर पाठवलं. मी वाक्य पाठ करून आलो होतो: मला लग्न करायचं नाही, तुमच्याकडूनच नकार कळवा. मी तोंड उघडणार, तोच तिनं फोनमधला माझा फोटो पुढं धरला.

"एक विचारू? खांद्यावर हात कोणाचा हाय?"

मी पाहिलं. ताईच्या कापाकापीतून चार बोटं सुटली होती. एवढ्या मोठ्या ग्रुपवर ती कुणाला दिसली नव्हती. मलाही नाही.

"मित्राचा," मी म्हणालो.

"जिवाचे दिसतात. लग्नाला येतील ना?"

खालून मामा हाका मारत होता. ती उत्तराची वाट बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर संशय बिलकुल नव्हता.

"येईल," मी म्हणालो.

ती हसली आणि खाली गेली. मी लग्नाला होकार देऊन बसलोय, हे मला खाली आल्यावर कळलं, मामानं तोंडात पेढा कोंबला तेव्हा.