खंड्याला बघायला आलेली माणसं

प्रयोगशाळेत निष्कर्ष कमी आणि किस्से जास्त साठतात. निष्कर्षाला पुरावा लागतो, किश्शाला चहा पुरतो! चौतीस साली रेवदंड्याला डॉक्टर सोमणांच्या वाडीत, गोठ्यावर पत्रे घालून केलेल्या प्रयोगशाळेत मी मदतनीस म्हणून लागले, आणि साठवण सुरू झाली.

डॉक्टरांचा विषय एकच. आतड्यांतलं रक्त यकृताकडे नेणारी एक मोठी शीर असते. यकृत कडक झालं की तिच्यात रक्त तुंबतं, पोटात पाणी होतं, माणूस रक्त ओकतो. डॉक्टरांचे थोरले बंधू असेच गेले. हे तुंबणं कुत्र्याच्या पोटात घडवायचं, टिकवायचं आणि मग इलाज शोधायचा. पण शीर पुरती बांधली की कुत्रं संध्याकाळपर्यंत जाई. अर्धी बांधली की आसपासच्या बारीक शिरा फुगून रक्ताला दुसरी वाट देत, आणि कुत्रं बरं होई!

एकदा असंच एक कुत्रं अंगणात उड्या मारत होतं. गाडीवान लखू कौतुकानं म्हणाला, "डॉक्टर, कसला टुणटुणीत झालाय! तुमच्या हाताला यश हाय!"

डॉक्टर त्या दिवशी जेवले नाहीत.

*

मी भित्री. पाल चुकचुकली तरी माझ्या हातातलं खाली पडतं. पहिल्याच ऑपरेशनला डॉक्टर शिरेखालून रेशमाचा धागा ओवत होते, आणि पत्र्यावर धाडकन नारळ पडला. मी किंचाळले! ट्रे खाली, कात्र्या कॉटखाली.

कुत्र्याला गुंगीसाठी ईथर देणारे हसनमियाँ शांतपणे म्हणाले, "ताई, पुढच्या खेपेला आधी थोडं तुम्हालाच हुंगवू."

*

घरची अट होती. वडील म्हणाले होते, "दिवाळीपर्यंत प्रयोग जमला तर राहा. नाही तर मी सांगेन त्या स्थळाला हो म्हणायचं." त्यामुळे कुत्रं बरं झालं की डॉक्टरांच्या खालोखाल सुतक मला!

*

मग खंड्या आला. या खेपेला डॉक्टरांनी मोठी शीर अर्धी बांधली, आणि पुढे रक्तानं काढलेल्या नव्या वाटाही शोधून शोधून बांधल्या. गणपती झाले आणि खंड्याचं पोट फुगायला लागलं. पोटात पाणी! डॉक्टरांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले.

मासे घेऊन जाणारी पारूबाय कुंपणाशी थबकली. "पोटुशी हाय व्हय?"

"अगं, तो कुत्रा आहे," डॉक्टर म्हणाले.

पारूबायनं पाटी सावरली. "तुमच्याकडं कायपन होतंय, डॉक्टर!"

*

दिवाळीआधीच्या रविवारी मुंबईहून एक बडे सर्जन आगबोटीनं यायचे होते. खंड्याच्या शिरेतला दाब ते स्वतः बघणार, तेव्हाच प्रयोग जमला म्हणायचा. आणि त्याच सकाळी वडील मुलाच्या काकांना घेऊन हजर! म्हणजे त्या दिवशी दोघांना बघायला माणसं आली होती, खंड्याला आणि मला.

काकांपुढे पोहे ठेवले, तोच आतून हाक आली, "मिस आपटे, नळी धरायला या!"

मिठाच्या पाण्यानं भरलेली काचेची नळी खंड्याच्या शिरेला जोडलेली. पाणी वर चढलं आणि तिथंच राहिलं, तर दाब टिकला. हात हलला तर शीर फाटणार आणि खंड्या जाणार. मी नळी धरली. पाणी चढू लागलं.

धाडकन पत्र्यावर नारळ पडला!

सर्जनसाहेबांचा चष्मा उडाला. हसनमियाँ "या अल्ला!" म्हणाले. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलंच नाही, डोळेच मिटून घेतले.

मग हळूच एक डोळा उघडला. पाणी जिथल्या तिथं होतं. नळीही.

"टिकला!" डॉक्टर ओरडले.

आवाज ऐकून काका दारात आले होते. पोह्यांची बशी हातातच. त्यांनी उघडं पोट पाहिलं, माझे रक्तानं लाल हात पाहिले, आणि वडिलांकडे वळून म्हणाले, "तुम्ही तर मुलगी फार भित्री आहे म्हणाला होतात!"

वडील माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी काकांच्या हातातली बशी काढून घेतली.

"घरी असते हो," ते म्हणाले.